आप्पांचा ग्लॅडिएटर

ग्लॅडिएटर मेला आहे यावर आमच्या घरात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकमत होत नव्हतं. बाबांचं म्हणणं, थंडीनं मान टाकलीय, उन्हात ठेवला की उठेल. आईचं म्हणणं, उन्हात ठेवून ठेवूनच त्याचं असं झालंय. सुकुमारकाकानं नखानं एका फांदीची साल खरवडली, आत तपकिरी निघालं. दुसरी खरवडली, तिथंही तपकिरी. असं करत त्यानं अख्खं झाड सोलत आणलं तरी त्याचं आपलं 'अजून एक बघू या' चालूच. शेवटी शेजारच्या इंगळेकाकू भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "गेला की हो." मग आम्ही सगळे गप्प झालो, कारण बाहेरच्या माणसानं सांगितलं की मगच आमच्या घरात एखादी गोष्ट खरी ठरते.

ग्लॅडिएटर म्हणजे गुलाब. तळहाताएवढं लालभडक फूल देणारी ही जात तेव्हा जयसिंगपुरात घरोघरी असायची, पण आमचा ग्लॅडिएटर आप्पांचा होता. आप्पा म्हणजे माझे आजोबा, भूपाल चौगुले, भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या आणि घरी येऊन कुंड्या मांडल्या, त्याही दोरी धरून, एका ओळीत. त्याच्या सात वर्षं आधी त्यांनी गावठी गुलाबाच्या खुंटाची साल चिरून त्यात ग्लॅडिएटरचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब फुटायचा उंचवटा, बसवला होता आणि वरून पट्टी बांधताना तिचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं होतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. दोन महिन्यांनी त्या डोळ्यातून लाल कोंब फुटला तेव्हा आप्पांनी मला शाळेतून अर्ध्या सुट्टीत घरी बोलावून घेतलं होतं आणि बाईंना कारण सांगितलं होतं, घरी बाळ झालंय.

त्यांच्या बागेत हात लावायची परवानगी घरात फक्त मला होती. बाबांना नव्हती. काकाला तर गेटातून गाडी आत घेतानाही बजावलं जायचं. मला मात्र आप्पांनी सगळं शिकवलं, कुठली फांदी ठेवायची, कुठली उडवायची, किडीला कधी घाबरायचं आणि कधी नुसतं बघत बसायचं. पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि तिथं ओल लागली तर झारी खाली ठेवायची. आप्पांना जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. माझ्या आयुष्यात त्यांच्याइतकं प्रेम मी फार थोड्या माणसांवर केलं आणि त्यांच्याइतकं धडधडीत खोटं तर कुणाशीच बोलले नाही. ते कसं झालं तेच सांगतेय.

आमच्या गावात सुगंध पुष्पप्रेमी मंडळ होतं. दर जानेवारीत मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये त्यांचं गुलाबाचं प्रदर्शन भरायचं आणि कुंडीतल्या गुलाबाला पहिल्या नंबराचा चषक मिळायचा. प्रदर्शनात भाग घेण्याची गावातली रीत अशी, की दोन आठवडे आधी हायवेवरच्या नर्सरीत जायचं, कळ्या धरलेलं झाड आणायचं, ते घरच्या शेवाळ धरलेल्या जुन्या कुंडीत बसवायचं आणि वरून परसातली माती पसरायची. मग प्रदर्शनात त्या झाडाशेजारी उभं राहून आपण त्याला वर्षभर कोणतं खत घातलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं. डॉक्टर, प्राध्यापक, पतसंस्थेचे चेअरमन, सगळे सांगायचे. त्यातल्या काहींनी घरी कढीपत्तासुद्धा जगवलेला नव्हता.

या सगळ्यात एकच खोड होती, परीक्षक आप्पा होते. सलग चौदा वर्षं. आमच्याकडची माती काळीभोर आणि नर्सरीतली झाडं येतात लाल मातीत. ज्या माणसानं तीस गावांच्या जमिनी पायाखाली घातल्या त्याला कुंडीत बोट घातल्यावर काय लपून राहणार? आप्पा बोट घालायचे, वर काढून उजेडात धरायचे, रुमालाला पुसायचे आणि चारचौघांत म्हणायचे, "हे झाड तुमचं नव्हे. हा परवा आलेला पाहुणा आहे." मग नाव खोडायचे. खताच्या दुकानाचे मालक कुबेर मगदूम तीन वर्षं ओळीनं बाद झाले होते. पहिल्या वर्षी त्यांनी वरून दोन बोटं काळी माती टाकली, दुसऱ्या वर्षी चार बोटं. तिसऱ्या वर्षी त्यांनी मुळंच धुऊन घेतली, तर ते झाड दुपारी बारा वाजता टेबलावरच मान टाकून मोकळं झालं. तेव्हापासून आप्पा रस्त्यात दिसले की मगदूम दोन्ही हात जोडून नमस्कार करायचे, इतका राग होता.

त्या वर्षी आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. त्यांनी मंडळाला चिठ्ठी लिहिली, दिसत नाही तर निकाल कसला द्यायचा, मला मोकळं करा. मंडळानं इतक्या तातडीनं मोकळं केलं की उत्तर घेऊन शिपाई त्याच संध्याकाळी आला. आणि मग आप्पांनी कुणालाच वाटलं नव्हतं ते केलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी भाग घेण्याचा फॉर्म भरला. परीक्षक होते तोवर स्वतःचं झाड आणता येत नव्हतं. बोलले काहीच नाहीत. पण प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे पन्नास दिवस मोजून त्यांनी ग्लॅडिएटरची छाटणी केली आणि ती करताना गुणगुणत होते, हे मी ऐकलं.

छाटणी झाली आणि ते ऑपरेशनसाठी सांगलीला आत्याकडे गेले. एका डोळ्याचं, मग काही दिवसांनी दुसऱ्याचं, असे पाच आठवडे. निघताना रिक्षात बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "राजू, ह्याला जप."

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. माझं नाव राजमती, पणजीचं ठेवलेलं, पण आप्पांना ते लांब पडायचं.

आता आमच्या घरची गंमत बघा. आप्पांनी झाड माझ्यावर सोपवलं हे सगळ्यांनी ऐकलं होतं. पण आमच्या घरात कुणाचाच कुणावर विश्वास नाही आणि सगळ्यांचं सगळ्यांवर प्रेम आहे. बाबा सकाळी फिरून आले की ग्लॅडिएटरला तांब्याभर पाणी घालायचे, कारण राजू कॉलेजच्या गडबडीत विसरणार. आई धुणं झालं की घालायची, कारण बापलेक दोघेही विसरणार. शिवाय फरशी खराब होऊ नये म्हणून तिनं कुंडीखाली परात ठेवली, त्यामुळे घातलेलं पाणी कुठं जाईना. काका दुपारी शेणपाणी घालायचा, तेही गुपचूप, त्याला आप्पांना चकित करायचं होतं. इंगळेकाकूंना आमच्यापैकी कुणाचाच भरवसा नव्हता, त्या भिंतीवरून तांदूळ धुतलेलं पाणी ओतायच्या. आणि संध्याकाळी मी घालायचे. महिना पुरा व्हायच्या आत ग्लॅडिएटरची मुळं कुजून गेली.

मेल्याचं ठरलं तेव्हा प्रदर्शनाला पंधरा दिवस होते आणि आप्पा चार दिवसांनी येणार होते. बाबांनी घरातल्या घरात मीटिंग घेतली. बाबा शाळेत सुपरवायझर होते, त्यांना मीटिंगशिवाय सुचायचं नाही. मी म्हणाले, आप्पांना सांगून टाकू या. बाबा म्हणाले, डॉक्टरांनी डोळ्यावर ताण नको म्हणून सांगितलंय. आता झाड गेल्याचं कळलं तर आप्पा रडणार, रडले तर टाके ताणणार, म्हणजे खरं बोलून आपण त्यांची दृष्टी घालवणार. आमच्याकडे खोटं बोलायचं ठरलं की आधी त्याला डॉक्टरी कारण शोधतात, म्हणजे पुढं बोलणाऱ्याला पुण्य लागतं. आईनं पदर डोळ्याला लावला. काका म्हणाला, त्यात काय, सारखंच दुसरं आणू. मी गप्प बसले. मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

काका आणि मी त्याच्या एम-एटी दुचाकीवरून हायवेवरच्या नर्सरीत गेलो. आम्ही तोंड उघडायच्या आत नर्सरीवाला म्हणाला, "प्रदर्शनाला का? ह्या आठवड्यातली तुमची अठरावी गाडी." त्यानं कळ्या मोजून एक झाड काढलं आणि अगदी आपलेपणानं विचारलं, वरून टाकायला काळी माती आहे का घरी, नसली तर घेऊन जा, ती मी फुकट देतो. काकानं दोन घमेली घेतली.

झाड कुंडीत बसवताना बाबांनी पिशवी फाडू दिली नाही. म्हणाले, तशीच राहू दे पिशवीसकट, प्रदर्शन झालं की काढून बाजूला लावता येईल आणि आप्पांना सावकाश सांगता येईल. वरून काळी माती पसरली, चार बोटं, मगदुमांच्या दुसऱ्या वर्षासारखी. जुन्या ग्लॅडिएटरचा वाळका खुंट बाबा नगरपालिकेच्या कचराकुंडीत टाकून आले आणि घरी येऊन त्यांनी आंघोळ केली.

आप्पा आले ते काळा चष्मा लावून. चप्पल न काढता थेट बागेत गेले, एक हात माझ्या खांद्यावर. अजून त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. त्यांनी झाडाचा शेंडा हातात धरला आणि बोटं हळूहळू खाली आणत नेली, एकेका काट्याला वळसा घालत, पार बुंध्यापर्यंत. जिथं डोळा बसवलेला असतो तिथं एक गाठ असते. तिथं त्यांचा अंगठा थांबला. बराच वेळ तिथंच होता. आम्ही चौघं भोवती उभे आणि भिंतीपलीकडं इंगळेकाकू.

"जरा बारीक झालाय," आप्पा म्हणाले.

"थंडी फार आहे यंदा," बाबा म्हणाले.

"हं. असेल." मग माझ्याकडं तोंड वळवून म्हणाले, "राजू, काही सांगायचंय काय?"

"नाही, आप्पा."

आत आल्यावर बाबांनी काकाच्या पाठीवर थाप मारली. ओळखलं नाही, म्हणाले. मलाही तसंच वाटावं म्हणून मी खूप प्रयत्न केला. पण पुढच्या दिवसांत आप्पा मला काही ना काही निमित्तानं विचारत राहिले. कधी डोळ्यात थेंब घालताना, कुंडी जड झालीय का गं. कधी चहा पिताना, मी नव्हतो तेव्हा कळ्या किती आल्या होत्या. मी प्रत्येक वेळी काहीतरी ठोकून द्यायचे. एकदा सुरू झालं की खोटं फार सोपं जातं, दुसऱ्या दिवशीपासून मी कळ्यांचे आकडेसुद्धा सांगायला लागले. प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी ते बागेत खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "उद्या न्यायचा ना ह्याला?"

"न्यायचा की."

"तू म्हणतेस तर नेऊ."

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये टेबलांवर पांढरे कपडे अंथरले होते आणि कुंडीतल्या गुलाबांच्या गटात तेवीस कुंड्या होत्या. त्यातले बावीस ग्लॅडिएटर, सगळे एका उंचीचे, सगळ्यांना चार-पाच फुलं, प्रार्थनेला रांगेत उभी केलेली एका वर्गातली पोरं जशी. आपलं झाड कुठलं हे ओळखायला लोक कुंडीवरचा चिकटवलेला कागद वाचत होते. नवे परीक्षक म्हणून मंडळानं कुबेर मगदुमांना नेमलं होतं. तीन वर्षं बाद झालेल्या माणसाला प्रदर्शनाचा दांडगा अनुभव असतो, असं अध्यक्ष डॉक्टर नांद्रेकर भाषणात म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मगदूम हातात इस्त्रीचा रुमाल घेऊन फिरत होते, अगदी आप्पांसारखे. पण मातीकडं बघतसुद्धा नव्हते. फुलाचा वास घ्यायचे, डोळे मिटायचे, आकडा लिहायचे. आमच्या कुंडीपाशी आले आणि थांबले. हॉलमध्ये कुजबुज थांबली. मगदुमांनी मनगटावरचं घड्याळ मागं सारलं, सगळ्यांना दिसेल असं तर्जनीचं बोट वर केलं आणि मातीत खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत. मग त्याच्याही पुढं.

बोट वर आलं तेव्हा त्याचं टोक लाल होतं.

आप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो जराही हलला नाही. आता हा माणूस तीन वर्षांचा हिशेब चुकता करणार, भर हॉलमध्ये, आणि माझ्यामुळे. मगदुमांनी बोटाकडं बघितलं, मग आप्पांच्या काळ्या चष्म्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरला की मी तसा आनंद पुढं फक्त लग्नात मुलीच्या बापाच्या चेहऱ्यावर अक्षता पडल्यावर पाहिला. त्यांनी बोट रुमालाला पुसलं, लाल डाग आत जाईल अशी रुमालाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "व्वा. चौगुले आप्पांची माती ती चौगुले आप्पांची माती. पहिला नंबर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजात मगदूम आप्पांच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू आलं.

"आप्पा, फार बरं वाटलं बघा. आता तुम्हीबी आमच्यातलेच. पुढच्या वर्षीपासून परत परीक्षक व्हा की. आता कुणाची काय अडचण नाही."

आप्पांनी नुसती मान खाली घातली. माझ्या आप्पांना मी कुणापुढं मान खाली घालताना तोवर पाहिलं नव्हतं.

"हे झाड आप्पांचं नाही," मी म्हणाले. टाळ्या चालूच होत्या म्हणून परत, ओरडूनच म्हणाले. "आप्पांचं झाड मेलं. मी मारलं. हे हायवेवरच्या नर्सरीतून आणलंय. आप्पांना आम्ही सांगितलं नाही."

टाळ्या थांबल्या. मला वाटलं होतं, आता नाव खोडतील, चार लोक छी-थू करतील आणि संपेल. पण झालं भलतंच. कुणी विश्वासच ठेवायला तयार होईना. डॉक्टर नांद्रेकरांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, आजोबांचं यश बघून नातीला भरून आलेलं आहे, अशी कुटुंबं आता राहिली नाहीत. मगदूम छातीवर हात ठेवून म्हणाले, मी जातीनं बोट घालून बघितलंय, माती काळी आहे, आणि परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. पतसंस्थेच्या चेअरमननी सांगितलं की हे झाड ते गेली सात वर्षं आमच्या दारात बघताहेत. एकेक करून सगळ्यांनीच ते बघितलेलं निघालं. एका प्राध्यापकांना तर त्याच्या बुंध्याची गाठसुद्धा ओळखीची वाटली. नर्सरीचं एक झाड बाद झालं की शेजारच्या कुंडीकडं लोकांचं लक्ष जाणार, हे त्या एकवीस जणांना माझ्याआधी कळलं होतं. आणि आमचे बाबा पुढं होऊन सगळ्यांना समजावत होते, तिची परीक्षा जवळ आलीय, अभ्यासाचा ताण आहे, मनावर घेऊ नका.

इतक्या माणसांनी मिळून मला खोटं पाडलं की क्षणभर माझाच माझ्यावरचा भरवसा उडाला. मला रडू फुटलं.

"थांबा जरा," आप्पा म्हणाले. "माझ्या झाडाला नंबर दिलाय ना, मग सगळ्यांना नीट बघू दे."

त्यांनी चाचपडत कुंडी जवळ ओढली. डाव्या हाताची बोटं झाडाच्या दोन्ही बाजूंनी पसरून माती धरली, कुंडी उलटी केली आणि तिचा काठ टेबलाच्या कडेवर दोनदा आपटला. कुंडी बदलताना करतात तसं. चार बोटं काळी माती पांढऱ्या कपड्यावर सांडली आणि मागोमाग अख्खा ग्लॅडिएटर त्याच्या चकचकीत काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट बाहेर आला. पिशवीवर नर्सरीचं नाव आणि फोन नंबर छापलेला होता. बाबा छताच्या पंख्याकडं बघायला लागले.

आप्पांनी झाड अलगद आडवं ठेवलं, हात झटकले आणि मला विचारलं, "शेजारची कुंडी कुणाची?"

"मगदूमकाकांच्या मेव्हण्यांची," मी नाक पुसत म्हणाले.

आप्पांनी त्या कुंडीच्या काठावर हात ठेवला. फक्त ठेवला. मेव्हण्यांनी चटकन पुढं होऊन कुंडी उचलली आणि म्हणाले, घरी पाहुणे यायचेत, निघायला हवं. मग त्यांच्या शेजारच्यांना आठवलं की गॅसवर दूध आहे. चेअरमनना पतसंस्थेची बैठक होती, तीही रविवारी. प्राध्यापक काही न बोलताच गेले. पंधरा मिनिटांत अख्खं प्रदर्शन उठलं. कुणी कुंडी स्कूटरच्या पुढं पायाशी ठेवून, कुणी सायकलच्या कॅरिअरला बांधून, कुणी रिक्षात मांडीवर घेऊन. डॉक्टर नांद्रेकर माइकवरून कळवळून सांगत होते की बाहेर अल्पोपहाराची सोय आहे, कृपया उपमा घेऊन जावे. लोक उपमा न खाताच गेले आणि आमच्या गावाच्या इतिहासात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

एका कोपऱ्यात तेविसावी कुंडी तेवढी उरली. पोस्टातून निवृत्त झालेले शिपाई तुकाराम कांबळे तिच्याशेजारी उभे होते. गावठी गुलाबी गुलाब, दोनच फुलं, त्यातल्या एकाच्या पाकळ्या अळीनं खाल्लेल्या. त्यांना वाटलं होतं, सगळे उपमा खायला गेलेत. आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून तिथवर गेले, बोट खाली पार जाईल तितकं घातलं आणि डोळ्यांजवळ आणून बघितलं. काळं.

"मगदूम, रुमाल द्या जरा," आप्पा म्हणाले.

मगदुमांनी खिशाकडं हात नेला आणि तसाच परत आणला. आप्पांनी धोतराला बोट पुसलं. चषक कांबळ्यांना मिळाला. ते इतके घाबरले होते की त्यांनी तो दोनदा परत करून बघितला.

आई कुणाच्या तरी रिक्षातून पुढं गेली होती. बाबा आणि काका एम-एटीवरून दुसऱ्याच गल्लीनं गेले. मी आणि आप्पा चालत निघालो. ऊन उतरायला लागलं होतं. दोन गल्ल्या मागं पडल्या. मग मीच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"आलो त्याच दिवशी. सात वर्षं हात फिरवलाय मी त्याच्यावर, राजू. बोटांना काय मोतीबिंदू झाला होता काय?"

"मग बोलला का नाही?"

"झाड मरतं गं. माझ्या हातनं किती मेलीत. कण्हेरसुद्धा मारलीय मी एकदा, कण्हेर कधी कुणाच्या हातनं मरत नाही. मी तुझी वाट बघत होतो. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. अकरा दिवस झाले." मग म्हणाले, "आता सांग, कसं मेलं ते."

मी सांगितलं. बाबांचा सकाळचा तांब्या, आईची परात, काकाचं शेणपाणी, भिंतीवरून येणारं तांदळाचं पाणी. आप्पांना हसू यायला लागलं. इंगळेकाकूंपाशी आले तेव्हा तर त्यांना विजेच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं. काळ्या चष्म्याच्या खालून पाणी येत होतं.

"अगं मग मी मारलं, मी मारलं म्हणून कशाला ओरडत होतीस? पाच जणांनी मिळून मारलंय की."

तिथंच थांबता आलं असतं. आप्पा हसत होते, त्यांनी स्वतःच्या तोंडानं मला मोकळं केलं होतं. बाकीच्या चौघांच्या नावावर टाकून मी घरी जाऊन चहा पिऊ शकले असते.

"त्यांना कळत नव्हतं, आप्पा," मी म्हणाले. "मला कळत होतं. मी रोज संध्याकाळी आधी बोट घालून बघत होते. गच्च ओलं लागायचं. मला माहीत होतं घालायचं नाही. तरी मी घालत होते."

"का?"

"तुम्ही मला सांगून गेला होता. सगळ्यांनी घातलं आणि मीच नाही घातलं, असं झालं असतं. तो फुलला असता तर माझ्या पाण्यानं फुलला, असं मला तुम्हाला सांगायचं होतं."

आप्पांचं हसू थांबलं. खांबावरचा हात काढून त्यांनी तो माझ्या खांद्यावर ठेवला आणि चालायला लागले. दीड गल्ली राहिली होती. आता हे मला कुंडीला हात लावू देणार नाहीत, हे मी धरून चालले होते, आणि त्यांचं चुकतंय असं काही मला म्हणता येत नव्हतं. घराचं गेट आलं. आई खिडकीत आली आणि आम्हाला बघून आत गेली. आप्पा पायरीवर टेकले, चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या.

"उद्यापासून बागेला पाणी तू घालायचं," ते म्हणाले. "झारीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मलासुद्धा."

त्यानंतर आप्पा चार वर्षं होते. डोळे छान झाले होते, छाटणी, खत, कलमं सगळं पहिल्यासारखं स्वतः करायचे. झारी मात्र त्यांनी एकदाही उचलली नाही. एखादी कुंडी कोरडी पडलेली दिसली की माझ्या खोलीच्या दाराशी यायचे, "राजू, वेळ आहे काय जरा" म्हणायचे, आणि मी हातातलं काम संपवून उठेपर्यंत तिथंच उभे राहायचे.